मोटारीतील अबोला : मॉड्यूल एकमेकांशी बोलेनाशी होतात तेव्हा दोष शोधायचा कसा?

मुंबई, प्रतिनिधी

जुहूच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याचा स्वभाव नव्याने सांगावा लागत नाही. खिडक्यांचे गज, गच्चीवरच्या टाक्यांचे लोखंडी आधार, जिन्याखालची सायकल यांना तो किती लवकर खातो, हे घरोघरी ठाऊक असते. मोटारीच्या पत्र्यावर उमटणारा गंजही डोळ्यांना दिसतो. मात्र हाच वारा आणि पावसाळ्यातले पाणी मोटारीच्या आत, डॅशबोर्डच्या मागे आणि मॅटिंगच्या खाली जे काम करीत असते ते दिसत नाही. ते कळते अचानक. चावी फिरवताच एबीएस, एअरबॅग आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम पेटतात, वेगाचा काटा शून्यावरच राहतो, कधी सेल्फही लागत नाही. आणि थोड्या वेळाने काहीच झाले नसल्यासारखी गाडी चालू लागते.

इतके सारे भाग एकाच क्षणी बिघडणे जवळजवळ अशक्य असते. अशा वेळी बहुधा भाग शाबूत असतात. त्यांच्यातील संवाद तुटलेला असतो. हा दोष शोधण्याची एक ठरलेली, शिस्तबद्ध पद्धत आहे. ती पाळली तर कधी एक गंजलेला कपलर साफ करून काम भागते. ती न पाळता 'मॉड्यूल गेले' असा निष्कर्ष काढला, तर वाहनधारकाच्या खिशाला मोठी चाट बसते आणि मूळ दोष तसाच राहतो.

दोन तारांवरची चावडी

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख ठरलेल्या प्रीमियर पद्मिनीत हा प्रश्न उद्भवत नसे. तिच्यात कार्बोरेटर होता, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र तार होती आणि वायरमनला तार धरून मागे जात दोष सापडत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या मोटारींत इंजिन, गिअर, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, दरवाजे-खिडक्या, मीटर अशा प्रत्येक विभागाला स्वतःचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, म्हणजेच मॉड्यूल असते. साध्या मोटारीत अशी पाच-सहा, तर महागड्या मोटारीत कित्येक डझन मॉड्यूल असतात.

या मॉड्यूलांना एकमेकांची माहिती सतत लागते. चाकांचा वेग एबीएसचे मॉड्यूल मोजते. पण तो मीटरला काट्यासाठी, गिअरच्या मॉड्यूलला गिअर बदलण्यासाठी आणि स्टिअरिंगला त्याचा हलकेपणा ठरवण्यासाठी हवा असतो. प्रत्येकाने प्रत्येकाकडे स्वतंत्र तार न्यायची म्हटले, तर तारांचे जंजाळ मोटारीत मावणार नाही. म्हणून एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोनच तारा साऱ्या मॉड्यूलांमधून फिरवल्या जातात. या व्यवस्थेला 'कॅन' म्हणतात.

तिची रीत गावच्या चावडीसारखी आहे. एका वेळी एकच बोलतो आणि ते सर्वांना ऐकू जाते. ज्याला त्या माहितीची गरज आहे तो ती घेतो, बाकीचे सोडून देतात. दोघांनी एकदम तोंड उघडले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, त्याचा मान पहिला. दुसरा आपोआप थांबतो आणि नंतर बोलतो. सेकंदाला पाच लाख बिट या नेहमीच्या वेगाने एक संदेश साधारण पाव मिलिसेकंदात पुरा होतो.

दोन तारांपैकी एकीला 'कॅन हाय' व दुसरीला 'कॅन लो' म्हणतात. शांतता असताना दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. कोणी बोलू लागले की हाय तार साडेतीन व्होल्टपर्यंत चढते आणि लो तार दीड व्होल्टपर्यंत उतरते. ऐकणारे मॉड्यूल या दोहोंतील फरक तेवढा पाहते. बाहेरून आलेला विद्युत गोंगाट पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. त्यामुळे फरक कायम राहतो आणि संदेश बिघडत नाही. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवलेला असतो. संदेशाची लहर टोकावर आपटून परत फिरू नये, हे त्याचे काम. दोष शोधताना हे दोन रोधकच सर्वांत मोठी मदत करतात.

जर्मनीतून जुहूपर्यंत

जर्मनीतील बॉश कंपनीत १९८३ साली या प्रणालीवर काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे वाहन अभियंत्यांच्या परिषदेत ती जगापुढे मांडली गेली. नाशिककरांना 'मायको' या नावाने परिचित असलेला कारखाना याच समूहाचा. १९९१ साली आलेल्या मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत कॅनचा वापर झाला आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींत निदानासाठी कॅन सक्तीची झाली.

भारतात ही प्रणाली सर्वसामान्यांच्या मोटारीत आणली ती मुख्यत्वे प्रदूषण आणि सुरक्षिततेच्या नियमांनी. एप्रिल २०१० मध्ये मुंबईसह निवडक शहरांत भारत स्टेज ४ निकष लागू झाले. त्यांच्याबरोबर गाडीने स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवावी, ही अट आली आणि एप्रिल २०१३ पासून ती अधिक कडक झाली. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ आले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. म्हणजे आज सर्वांत स्वस्त नवी मोटारही मॉड्यूलांच्या या चावडीवाचून रस्त्यावर येऊ शकत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर बॅटरीवर देखरेख करणारे मॉड्यूल आणि मोटरचे नियंत्रक यांचा संवाद तुटला की गाडी जागची हलत नाही.

अबोला पडतो कशामुळे?

संदेशवहनाच्या दोषांची कारणे पाहिली, तर मॉड्यूलच्या आतला बिघाड हे त्यांतले एकच कारण असते, आणि वारंवार आढळणारे तर नव्हेच. नेहमी आढळणारी कारणे अशी :

पहिले कारण ओल. मिठाचे कण हवेतला दमटपणा ओढून घेतात. कपलरचे रबरी सील थोडे जरी ढिले झाले, तरी आतल्या पिनांवर हा खारा ओलावा बसतो आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. या थरामुळे जोड कधी लागतो, कधी सुटतो. समुद्रालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास अधिक.

दुसरे कारण गाडीत साचलेले पाणी. अनेक मोटारींत काही तारा आणि कपलर पायाजवळच्या मॅटिंगखाली किंवा आसनांखाली असतात. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली, काचेखालची पाणी वाहून जाण्याची नळी पानांनी बुजली किंवा एसीच्या पाण्याची नळी तुंबली, की पाणी तेथे उतरते. वरचा गालिचा सुकलेला वाटतो. खालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला असतो. तारेच्या आतील तांब्याच्या बारीक तंतूंमधून पाणी, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, पुढे पुढे सरकते आणि दूरच्या मॉड्यूलपर्यंत पोहोचते.

तिसरे कारण नंतर बसवलेल्या वस्तू. म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, रिमोट लॉक, जादा प्रकाशाचे दिवे बसवताना तारेचे आवरण सोलून जोड दिला जातो आणि वर टेप गुंडाळली जाते. चुकून कॅनच्याच तारेवर जोड पडला, किंवा तारांचा पीळ लांबवर उलगडून ठेवला, तर संदेश बिघडू लागतात. एखाद्या मॉड्यूलच्या अर्थिंगच्या बोल्टवरच नव्या वस्तूची तार आवळली, तर तेथेही त्रास सुरू होतो.

चौथे कारण उंदीर. इमारतीच्या आवारात दिवसेंदिवस न हललेल्या गाडीच्या बॉनेटखाली ते आसरा घेतात आणि तारा कुरतडतात. दोन तारांपैकी एकच अर्धवट कुरतडली गेली, की गाडी सरळ रस्त्यावर ठीक चालते आणि खड्ड्यात आदळली की दिवे लागतात.

पाचवे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण अशक्त बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली आले तर एखादे मॉड्यूल क्षणभर बंद पडते, बाकीची मॉड्यूल त्याची वाट पाहतात आणि 'हा बोलत नाही' अशी नोंद करून मोकळी होतात. सांगाड्याशी जोडलेले अर्थिंग गंजले असेल तरी परिणाम हाच.

कोड ही तक्रार आहे, निकाल नव्हे

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडला की कोड दिसतात. 'पी'ने सुरू होणारे कोड इंजिन-गिअरचे, 'सी'ने सुरू होणारे ब्रेक-स्टिअरिंगचे, 'बी'ने सुरू होणारे बॉडीचे आणि 'यू'ने सुरू होणारे संदेशवहनाचे. या शेवटच्या गटातील कोड वाचण्यातच बहुतेक चुका होतात.

उदाहरणार्थ, यू ०१०१ या कोडचा अर्थ 'गिअरच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला' असा आहे. 'गिअरचे मॉड्यूल खराब झाले' असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. हा कोड गिअरच्या मॉड्यूलमध्ये नोंदलेलाही नसतो. तो नोंदलेला असतो इंजिनच्या किंवा एबीएसच्या मॉड्यूलमध्ये, कारण तक्रार त्यांची असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो गप्प का बसला, हे तक्रारदाराला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला वीज मिळत नसेल, त्याचे अर्थिंग सुटले असेल, त्याच्याकडे जाणारी तार तुटली असेल किंवा तो खरोखरच निकामी झाला असेल. कोड या चारही शक्यतांना एकच असतो.

म्हणून जाणकार मेकॅनिक एक कोड वाचून थांबत नाही. तो गाडीतील प्रत्येक मॉड्यूल स्कॅनरवर उघडून दोन गोष्टी कागदावर मांडतो : कोण उत्तर देते आणि कोण कोणाविरुद्ध तक्रार करते. या मांडणीतून दोषाची जागा बरीचशी स्पष्ट होते.

सर्व मॉड्यूल एकाच मॉड्यूलविरुद्ध तक्रार करीत असतील आणि तेही स्कॅनरला उत्तर देत नसेल, तर त्या एका मॉड्यूलची वीज, अर्थिंग, तिकडे जाणारी तारेची फांदी किंवा ते स्वतः, एवढ्यातच शोध घ्यायचा. एकच मॉड्यूल दुसऱ्याविरुद्ध तक्रार करते आणि बाकी सर्वांना तो दुसरा नीट ऐकू येतो, तर संशय तक्रारदारावर जातो. त्याचीच फांदी किंवा त्याच्या सॉफ्टवेअरची मांडणी तपासावी लागते. मोटारीच्या एका बाजूची सारी मॉड्यूल दुसऱ्या बाजूच्या साऱ्यांविरुद्ध तक्रार करीत असतील, तर मधला समाईक जोड तुटलेला असतो. आणि कोणीच उत्तर देत नसेल, तर मुख्य तारांवरच शॉर्ट आहे, किंवा स्कॅनरलाच वीज मिळत नाही. काही मोटारींत ओबीडी सॉकेट आणि सिगारेट लायटरचे सॉकेट यांचा फ्यूज एकच असतो. मोबाइल चार्जरने तो उडालेला असतो आणि शोध मात्र मॉड्यूलांत चालू राहतो.

यासाठी लागणारा स्कॅनर सर्व मॉड्यूल वाचणारा हवा. काही शे रुपयांत मिळणारी ब्लूटूथची उपकरणे मुख्यतः इंजिनचे कोड दाखवतात. त्यांवर काही दिसले नाही, याचा अर्थ एबीएस किंवा एअरबॅगमध्ये दोष नाही, असा होत नाही.

तपासणीचा क्रम

या दोषांत घाईपेक्षा क्रम महत्त्वाचा. सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासण्या आधी, महागड्या शेवटी.

एक : गाडीचा पूर्वेतिहास. दोष केव्हा दिसतो? पावसानंतर, सकाळी थंड असताना, खड्ड्यात, की एसी लावल्यावर? अलीकडे अपघात, रंगकाम, पाणी शिरणे किंवा नवी वस्तू बसवणे झाले का? अर्धे निदान येथेच होते.

दोन : बॅटरी. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नयेत. गेले, तर पुढची तपासणी बॅटरी ठीक केल्यावरच.

तीन : सर्व मॉड्यूलांचे कोड उतरवून घेणे, मगच ते पुसणे आणि गाडी चालवून कोणते परत येतात ते पाहणे. परत न येणारे कोड जुने, बहुधा अशक्त बॅटरीच्या वेळचे असतात. आधी पुसून मग विचार करणे म्हणजे पुरावा नष्ट करणे.

चार : गप्प असलेल्या मॉड्यूलची वीज आणि अर्थिंग. येथे मीटर फसवू शकतो. गंजलेल्या पिनेतूनही मीटरला बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. म्हणून कपलर काढून त्याच्या वीज आणि अर्थिंगच्या पिनांवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावून पाहावा. बल्ब लख्ख पेटला तर जोड खरा. मिणमिणला तर दोष सापडला. हा बल्ब कॅनच्या तारांना किंवा एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना कधीही लावू नये. पहिल्या ठिकाणी मॉड्यूल जळू शकते, दुसऱ्या ठिकाणी एअरबॅग उघडू शकते.

पाच : ओहमची परीक्षा. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटे थांबावे आणि ओबीडी सॉकेटच्या सहाव्या व चौदाव्या पिनेत रोध मोजावा. दोन टोकांचे १२० ओहमचे रोधक समांतर असल्याने उत्तर साधारण ६० यायला हवे. या परीक्षेला दोन मर्यादा आहेत. अनेक नव्या मोटारींत सॉकेट आणि आतील जाळे यांच्यामध्ये 'गेटवे' हे मॉड्यूल असते. तेथे सॉकेटवरचे ६० ओहम केवळ गेटवेपर्यंतच्या तारांची साक्ष देतात आणि मोजमाप आत जाऊन करावे लागते. तसेच, शेवटचा रोधक एखाद्या मॉड्यूलच्या पोटातच असतो. ते मॉड्यूल काढलेले असताना १२० ओहम दिसले, तर तो दोष नव्हे.

सहा : व्होल्टेज आणि लहर. चावी चालू ठेवून मोजल्यास हाय तारेवर अडीच व्होल्टहून थोडे अधिक आणि लो तारेवर थोडे कमी दिसते. दोहोंची बेरीज पाचच्या आसपास येते. एखाद्या तारेवर बारा व्होल्ट दिसले तर ती विजेच्या तारेला, शून्य दिसले तर सांगाड्याला चिकटली आहे. ऑसिलोस्कोप असल्यास दोन्ही तारांच्या लहरी एकमेकींच्या आरशातील प्रतिमेसारख्या दिसायला हव्यात. एक लहर खुरटलेली असेल, तर त्या तारेवर ओल किंवा अर्धवट जोड आहे.

सात : एकेक मॉड्यूल वेगळे करणे. मुख्य तारांवर शॉर्ट असेल तर एकेका मॉड्यूलचा कपलर काढून मीटरकडे पाहत राहावे. ज्याचा कपलर काढताच जाळे पूर्ववत होते, दोष त्याच्यात किंवा त्याच्या फांदीत असतो. कॅनची रचनाच अशी आहे, की वारंवार चुकीचे बोलणारे मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजते आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की आपणहून जाळ्यातून बाजूला होते. त्यामुळे एखादे मॉड्यूल मधूनच गायब होऊन पुन्हा प्रकटते, तेव्हा त्याच्या तारा आधी पाहाव्यात.

आठ : हलवून पाहणे. मीटर किंवा स्कॅनर जोडलेला ठेवून संशयित कपलर आणि तारांचे जुडगे हलके हलवावे. येणारा-जाणारा दोष बहुधा या वेळी हाती लागतो.

या आठही पायऱ्यांनंतर वीज, अर्थिंग आणि दोन्ही तारा निर्दोष ठरल्या आणि तरीही मॉड्यूल गप्प राहिले, तरच मॉड्यूल बदलण्याचा विचार करावा. नवे मॉड्यूल बसवले की काम संपते असेही नाही. इंजिन, बॉडी आणि मीटर यांची मॉड्यूल बहुधा त्या विशिष्ट गाडीशी आणि तिच्या चावीशी कोडने बांधलेली असतात. भंगाराच्या बाजारातून आणलेले जुने मॉड्यूल दिसायला तंतोतंत असले, तरी हे कोडिंग झाल्याशिवाय गाडी ते स्वीकारत नाही, आणि मग मूळच्या एका दोषाचे दोन होतात.

एक नमुना

समजा, ऑटोमॅटिक गिअरची एक मोटार पावसाळ्यात मधूनमधून एकाच गिअरमध्ये अडकते. इंजिन, एबीएस आणि मीटर या तिन्ही मॉड्यूलांत यू ०१०१ हा कोड आहे आणि गिअरचे मॉड्यूल स्कॅनरला उत्तर देत नाही. कोडवर विसंबून निर्णय घेतला तर गिअरचे मॉड्यूल बदलले जाईल. क्रमाने गेल्यास चित्र वेगळे दिसते. बॅटरी ठीक आहे. सॉकेटवर ६० ओहम आहेत, म्हणजे मुख्य तारा आणि दोन्ही टोके शाबूत आहेत. गिअरच्या मॉड्यूलच्या कपलरवर मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो. पण बल्ब लावताच तो मिणमिणतो आणि मीटर सातवर येतो. तार धरून मागे गेल्यावर बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये एका पिनेवर हिरवा थर सापडतो. पिन बदलली, सील नवे बसवले, की गाडी बरी. तीच गाडी नव्या मॉड्यूलसह परत गेली असती, तर पुढच्या पावसात तक्रार घेऊन पुन्हा गॅरेजच्या दारात उभी राहिली असती.

पाणी शिरलेल्या गाडीसाठी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि पश्चिम उपनगरांत असंख्य मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. त्या वेळी रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनचे एक मॉड्यूल फार तर असे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसापर्यंत परिस्थिती पालटली होती. आता तर आसनाखालपर्यंत चढलेले पाणीही गाडीच्या संवादयंत्रणेला पुरेसे ठरते.

अशा गाडीची चावी फिरवू नये. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि गाडी टो करून न्यावी. ओल्या मॉड्यूलला वीज मिळाली की पिनांची झीज झपाट्याने होते. वीज तोडलेली असेल तर वाचण्याची शक्यता राहते. आसने आणि मॅटिंग काढून खालचा फोम पूर्ण सुकवावा, भिजलेले कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावेत. गाडी समुद्राच्या पाण्यात भिजली असेल तर मीठ आधी गोड्या पाण्याने काढावे लागते आणि हे काम कसबी हातांनीच करावे. विजेवरच्या मोटारीतील नारिंगी तारांना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये. गाडी सुरू झाली म्हणून निर्धास्त न राहता महिना-दीड महिन्याने सर्व मॉड्यूलांचे पुन्हा स्कॅनिंग करून घ्यावे, कारण गंजाचे दोष उशिरा वर येतात.

सर्वसमावेशक मोटार विम्यात पुराने झालेले नुकसान येते. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास येत नाही. पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेल्या नुकसानीसाठी मात्र वेगळे पूरक कवच लागते. दाव्यासाठी दुरुस्तीपूर्वीचा स्कॅन अहवाल आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.

ग्राहकाचा हक्क

ही तपासणी कोठे करायची, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. निदानाची उपकरणे, वायरिंगचे नकाशे आणि सुटे भाग अधिकृत केंद्रांपुरतेच राखून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ती स्वतंत्र गॅरेजनाही उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध कंपन्यांनी दाद मागितली. परंतु निदानाची साधने हा स्पर्धेचा आणि ग्राहकहिताचा विषय आहे, हे या आदेशाने अधोरेखित केले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलमध्येही मोटारींचा समावेश आहे.

मॉड्यूल बदलण्याचा सल्ला मिळाल्यास वाहनधारकाने चार प्रश्न अवश्य विचारावेत. सर्व मॉड्यूलांचा स्कॅन अहवाल कोठे आहे? कपलरवर भार देऊन वीज आणि अर्थिंग तपासले का? कॅनच्या तारांत किती ओहम आले? आणि मॉड्यूल बदलूनही दोष राहिला तर खर्च कोणाचा? ज्याने तपासणी खरोखर केली आहे, त्याला पहिल्या तिन्हींची उत्तरे देण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

एबीएस आणि एअरबॅगचे दिवे 'आपोआप विझतात' म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा करणे मात्र सर्वांत महाग पडू शकते. दिवा पेटलेला असताना ती यंत्रणा बहुधा बंद असते, आणि तिची गरज नेमकी केव्हा लागेल हे सांगून येत नाही.

चौकट : कोड आणि त्यांचा अर्थ

यू ०००१ : वेगवान कॅन वाहिनीत दोष
यू ००७३ : मॉड्यूलांची संदेशवाहिनी बंद
यू ०१०० : इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क नाही
यू ०१०१ : गिअरच्या मॉड्यूलशी संपर्क नाही
यू ०१२१ : एबीएसच्या मॉड्यूलशी संपर्क नाही
यू ०१४० : बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क नाही
यू ०१५१ : एअरबॅगच्या मॉड्यूलशी संपर्क नाही
यू ०१५५ : मीटरशी संपर्क नाही

चौकट : ओहम काय सांगतात?
(बॅटरी सोडवून, पिन ६ आणि १४ मध्ये)

सुमारे ६० : मुख्य तारा व दोन्ही रोधक ठीक
सुमारे १२० : एक रोधक किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटलेली
सुमारे ४० : जाळ्यात एक रोधक जास्तीचा, बहुधा चुकीचे मॉड्यूल किंवा नंतर बसवलेली वस्तू
शून्याच्या जवळ : दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या
हजारो ओहम किंवा अनंत : सॉकेटपासूनच तार तुटलेली, किंवा सॉकेटमागे गेटवे